तिसरा उमेदवार ‘पाडतो’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “माझा भाचा मिशिगनमध्ये असतो. २०२४ ला त्यानं ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइनना मत दिलं. तेव्हापासून घरातले सगळे, त्याची बायकोसुद्धा, त्याला ऐकवतात की ट्रम्पला तूच निवडून आणलंस. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत तिसऱ्या पक्षाचा उमेदवार खरंच मतं खाऊन कुणाला पाडतो का, की हे हरलेल्यांचं रडगाणं असतं?”

भाच्यापुरतं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे रविवारचं जेवण तरी शांततेत होईल. मिशिगनमध्ये ट्रम्प सुमारे ८० हजार मतांनी पुढे होते आणि स्टाइनना तिथे मिळाली सुमारे ४४ हजार. त्यातलं झाडून सगळं कमला हॅरिस यांच्या पारड्यात टाकलं तरी त्या ३५ हजारांनी मागेच राहतात. शिवाय मिशिगन फिरलं असतं असं धरलं, तरी ट्रम्प यांच्या ३१२ इलेक्टोरल मतांतून (प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरलेली मतं, अध्यक्ष त्यांच्यावर ठरतो) १५ वजा होऊन २९७ उरतात, आणि जिंकायला लागतात २७०. भाचा निर्दोष सुटला.

मूळ प्रश्न मात्र इतक्या लवकर सुटत नाही. मी संख्याशास्त्र शिकून १९९७ मध्ये न्यू जर्सीत आलो आणि तेव्हापासून मतदार सर्वेक्षणांच्या धंद्यात आहे. माझी इथली पहिली अध्यक्षीय निवडणूक २००० ची. त्यामुळे हा प्रश्न माझ्या बोकांडी पहिल्या दिवसापासून बसलेला आहे.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला यातली कल्पना समजावून सांगावी लागत नाही. “त्याला मतं खायलाच उभा केलाय” हे वाक्य आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. पण ओळखीची गोष्ट असल्यामुळेच आपण हिशेब अर्धवट सोडतो. पडलेला किती मतांनी पडला ते बघायचं, तिसऱ्यानं किती घेतली ते बघायचं, आणि तिसऱ्याची जास्त निघाली की निकाल जाहीर: यानंच पाडलं! या वजाबाकीत एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते. ती म्हणजे तिसऱ्याची सगळी मतं मुळात आपल्या माणसाच्या मालकीची होती आणि कुणीतरी ती चोरली.

आम्ही सर्वेक्षणात या मतदारांना विचारतो की तुमचा उमेदवार रिंगणात नसता तर काय केलं असतं? उत्तरं तीन प्रकारची येतात. काही पहिल्या मोठ्या पक्षाचं नाव घेतात, काही दुसऱ्याचं, आणि बरेच जण म्हणतात, “मग मी घरीच बसलो असतो.” चहाच्या टेबलावरच्या हिशेबात हा तिसरा गट कधीच नसतो. २००० च्या देशपातळीवरच्या एक्झिट पोलमध्ये ग्रीन पार्टीचे राल्फ नेडर यांच्या मतदारांपैकी निम्म्याहून थोडे कमी डेमोक्रॅट अल गोर यांच्याकडे जाणारे निघाले, पाचातला एक रिपब्लिकन जॉर्ज बुश यांच्याकडे, आणि उरलेले जवळपास एक तृतीयांश मतदानालाच गेले नसते. म्हणजे नेडर यांच्या दर शंभर मतांमागे गोर यांचा निव्वळ फायदा साधारण पंचवीस-सव्वीस मतांचा, शंभराचा नव्हे.

मी वापरतो ती पट्टी यावरूनच बनते. विजयी उमेदवाराचं मताधिक्य भागिले तिसऱ्याची मतं. येतो तो ‘गरजेचा टक्का’. तिसऱ्याच्या मतदारांमधून पराभूत उमेदवाराला निव्वळ इतका टक्का मिळाला असता तरच निकाल फिरला असता. हा टक्का वीस-पंचवीसच्या आत असेल तर आरोपात दम आहे. पन्नासच्या वर गेला की मी फाइल बंद करतो, कारण इतकी एकतर्फी ओढ कुठल्याच तिसऱ्या पक्षाच्या मतदारांत मला आजवर दिसलेली नाही. आणि हे गणित देशभराच्या बेरजेवर करायचं नाही, राज्याराज्यात करायचं. मेन आणि नेब्रास्का सोडले तर प्रत्येक राज्य आपली सगळी इलेक्टोरल मतं तिथं एका मतानं का होईना पुढे असलेल्याला देऊन टाकतं.

आता फ्लोरिडा, २०००. बुश २९,१२,७९०, गोर २९,१२,२५३. फरक ५३७. साठ लाखांच्या आसपास मतदान झालेल्या राज्यात ५३७! आमच्या गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत याहून जास्त फरक पडतो. नेडर यांना ९७,४८८. गरजेचा टक्का काढा: अर्ध्याच्या जरासा वर. म्हणजे नेडर यांच्या हजार मतदारांतून गोर यांना निव्वळ सहा जास्त मिळाले असते तरी पुरे होतं. मायकेल हेरॉन आणि जेफ्री लुइस या दोन राज्यशास्त्रज्ञांनी पुढे फ्लोरिडातल्या प्रत्यक्ष मतपत्रिकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांनी अध्यक्षपदासाठी नेडर निवडले त्यांनी त्याच मतपत्रिकेवर खालच्या पदांसाठी कुणाला मत दिलं, यावरून कल काढला. दोघांतच निवड करायची वेळ आली असती तर साधारण ६० टक्के गोर आणि ४० टक्के बुश, असं त्यांना दिसलं. नेडर म्हणजे डाव्यांचा डावा, त्यांचे सगळे मतदार गोर यांचेच, या समजाला त्यामुळे चांगलाच धक्का बसला. पण साठ-चाळीससुद्धा ५३७ च्या कितीतरी पट होतात. नेडर रिंगणात नसते तर गोर अध्यक्ष झाले असते, याबद्दल मला शंका नाही.

इथेच थांबलो तर मात्र मी तुम्हाला फसवलं असं होईल. त्या दिवशी फ्लोरिडाच्या मतपत्रिकेवर बुश-गोर सोडून आठ नावं छापलेली होती आणि त्या आठांपैकी प्रत्येकाला ५३७ पेक्षा जास्त मतं मिळाली. सगळ्यात तळाला सोशालिस्ट वर्कर्स पार्टीचा उमेदवार, त्यालाही ५६२! नुसत्या वजाबाकीनं पाहिलं तर अध्यक्ष पाडणारे एक नाही, आठ निघतात.

त्यातले पॅट ब्युकॅनन तर बुश यांच्याही उजवीकडचे. पाम बीच काउंटीत त्यांना ३,४०७ मतं पडली, तीसुद्धा ज्येष्ठ ज्यू डेमोक्रॅट मतदार भरपूर असलेल्या भागात. झालं होतं असं की वयस्कर मतदारांना नीट वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली, नावं एका पानावर मावेनात म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर घेतली आणि मत देताना टोचायची भोकं मधोमध ठेवली. डाव्या पानावर गोर यांचं नाव दुसरं, पण दुसरं भोक ब्युकॅनन यांचं. ही मतं बहुधा माझी नाहीत, असं खुद्द ब्युकॅननच टीव्हीवर बोलले. राज्यशास्त्रज्ञांच्या एका गटानं २००१ मध्ये हिशेब मांडला की गोर यांची दोन हजारांहून जास्त मतं अशी चुकून तिकडे गेली. (रायगडकरांना हा अनुभव वेगळ्या रूपात माहीत आहे. २०१४ च्या लोकसभेला सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला नऊ हजारांहून जास्त मतं मिळाली होती.) त्याशिवाय फ्लोरिडात सुमारे १ लाख ७५ हजार मतपत्रिका या ना त्या कारणानं मोजणीत धरल्याच गेल्या नाहीत. आणि फ्लोरिडा राहू द्या बाजूला. गोर यांनी स्वतःचं टेनेसी राखलं असतं तर तिथल्या ११ इलेक्टोरल मतांवर ते फ्लोरिडाशिवाय अध्यक्ष झाले असते. घरचं राज्य गमावलं त्याचं खापर नेडर यांच्यावर फोडता येत नाही.

निकाल इतका काठावर असतो तेव्हा प्रत्येक लहान गोष्ट ‘निर्णायक’ ठरते. नेडर हे एक कारण होते, यात वाद नाही. ‘एकमेव कारण’ म्हणणारे मात्र बाकीची कारणं सोयीनं झाकून ठेवतात. गंमत म्हणजे हीच पट्टी उलट्या बाजूनं लावली तर त्याच रात्री गोर यांनी न्यू मेक्सिको ३६६ मतांनी जिंकलं आणि तिथं ब्युकॅनन यांना १,३९२ मतं होती. गरजेचा टक्का सव्वीस. बुश यांचं एक राज्य ब्युकॅनन यांनी घालवलं असं म्हणायला जागा आहे, पण बुश जिंकल्यामुळे ते कुणी म्हणत नाही. मतं खाल्ल्याची तक्रार पडलेल्याच्याच घरून येते.

तेव्हाची माझी स्वतःची फजिती सांगतो. त्या उन्हाळ्यात मी एका लहान सर्वेक्षण कंपनीत होतो. प्रश्नावलीत ‘दुसरी पसंती कोण’ हा प्रश्न मी घातला होता. फोनवरच्या सर्वेक्षणात मिनिटांना पैसे पडतात. ग्राहकानं खर्च कमी करायला सांगितला आणि आम्ही नेमका तोच प्रश्न कापला. मीही फार भांडलो नाही, कारण माझ्या तक्त्यात नेडर ‘इतर’ या रकान्यात होते. ८ नोव्हेंबरला सकाळी त्याच ग्राहकाचा फोन आला, “नेडरचे लोक कुठे गेले असते?” आमच्याकडे सांगायला काही नव्हतं. त्यानंतर तो प्रश्न मी कधीही कापू दिलेला नाही.

आता २०१६. भाच्याच्या घरातला राग खरं तर इथून आलेला असतो. ट्रम्प यांनी मिशिगन १०,७०४, विस्कॉन्सिन २२,७४८ आणि पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी जिंकलं. जिल स्टाइनना तिथे अनुक्रमे ५१,४६३, ३१,०७२ आणि ४९,९४१. तिन्हीकडे स्टाइनची मतं फरकापेक्षा जास्त! हे तीन आकडे मी व्हॉट्सॲपवर किती वेळा पाहिले असतील त्याला गणती नाही. पण पट्टी लावा. मिशिगनमध्ये गरजेचा टक्का एकवीस, म्हणजे शक्य आहे. विस्कॉन्सिनमध्ये त्र्याहत्तर. पेनसिल्व्हेनियात एकोणनव्वद. हिलरी क्लिंटन यांना २७० गाठायला तिन्ही राज्यं हवी होती. पेनसिल्व्हेनिया सोडलं तर त्या २५८ वरच अडकतात. म्हणजे तिथले स्टाइनचे जवळजवळ सगळे मतदार, एकही घरी न बसता, क्लिंटन यांच्याकडे जायला हवे होते. त्या वर्षीच्या एक्झिट पोलमध्ये तर तिसऱ्या पक्षांच्या निम्म्याहून जास्त मतदारांनी सांगितलं होतं की फक्त दोघेच असते तर आम्ही त्या पदासाठी मतच दिलं नसतं.

शिवाय सरकारनं कमीत कमी ढवळाढवळ करावी म्हणणाऱ्या लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन यांना सगळे विसरतात. पेनसिल्व्हेनियात त्यांना १,४६,७१५ मतं होती, स्टाइनच्या तिप्पट. ते आणि त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार, दोघेही माजी रिपब्लिकन गव्हर्नर. ही जोडी नसती आणि त्यांच्यातले रिपब्लिकन वळणाचे मतदार घरी परतले असते तर? स्टाइनना हटवायचं आणि जॉन्सनना ठेवायचं, असा खेळ आपल्या सोयीनं खेळता येत नाही. २०१६ ला तिसऱ्यानं पाडलं हा दावा मला टिकणारा वाटत नाही. २०२० मध्ये लिबर्टेरियन जो जॉर्गेनसन यांची मतं जॉर्जिया, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिन या तिन्ही राज्यांत बायडन यांच्या मताधिक्यापेक्षा जास्त होती. त्यांचं नाव आज कुणाला आठवतंय? तिथेही विस्कॉन्सिनचा गरजेचा टक्का चोपन्न येतो, म्हणजे फाइल बंद.

रॉस पेरो यांचं प्रकरण याहून रंगतदार आहे, कारण त्यात आकडा प्रचंड आणि परिणाम जवळपास शून्य. १९९२ मध्ये टेक्ससच्या या अब्जाधीशानं १८.९ टक्के, म्हणजे १ कोटी ९७ लाख मतं घेतली. एकही राज्य जिंकलं नाही, एकही इलेक्टोरल मत नाही. बिल क्लिंटन ४३ टक्क्यांवर निवडून आले, थोरले बुश ३७.४ वर थांबले. रिपब्लिकन घरांत आजही पेरो हे नाव शिवीसारखं उच्चारलं जातं. पण क्लिंटन ५८ लाख मतांनी पुढे होते. नुसती देशभराची बेरीज पाहिली तरी बुश यांना पेरो यांच्या मतदारांतून निव्वळ एकोणतीस टक्के हवे होते, म्हणजे कुणी घरी न बसता साधारण पासष्ट-पस्तीस. एक्झिट पोलमध्ये काय निघालं? ३८ टक्के बुश, ३८ टक्के क्लिंटन, बाकीचे मतदानालाच नाही. निव्वळ शून्य. शून्याला कितीही कोटींनी गुणा.

पण पेरो यांच्याबाबत माझी पट्टी थोडी तोकडी पडते, हेही मान्य करायला हवं. ही पट्टी मतदानाच्या दिवसापुरती आहे. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून एका माणसाला मतपत्रिकेवरून खोडलं तर काय, एवढंच ती सांगते. प्रत्यक्षात पेरो त्या वर्षी जूनमध्ये गॅलपच्या चाचणीत ३९ टक्क्यांवर, दोघांच्याही पुढे होते. १६ जुलैला, क्लिंटन आपल्या पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारी स्वीकारत होते त्याच दिवशी, त्यांनी अचानक माघार घेतली, आणि १ ऑक्टोबरला परत आले. मधल्या काळात तूट आणि सरकारी कर्ज हा विषय त्यांनी प्रचाराच्या मध्यभागी आणून ठेवला, आणि सत्तेत बसलेल्या बुश यांच्यावर दोन्हीकडून मारा झाला. याचं मोल मतांच्या वजाबाकीत पकडता येत नाही. तसंच नेडर यांच्यामुळे गोर यांना शेवटच्या आठवड्यांत ओरेगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिनसारख्या हातच्या राज्यांत धावाधाव करावी लागली. तो वेळ आणि पैसा फ्लोरिडात लागला असता तर काय झालं असतं, हे कुणी मोजू शकत नाही. ‘पेरोनी बुशना पाडलं’ असं कुणी छातीठोकपणे म्हणालं तर मी मान डोलावत नाही. ‘पेरोंमुळे ती निवडणूक वेगळी झाली’ म्हणालं तर मात्र हो म्हणतो.

जुन्या निवडणुकांत दोन-तीन अस्सल नमुने सापडतात. १८४४ मध्ये गुलामगिरीविरोधी लिबर्टी पार्टीचे जेम्स बर्नी न्यूयॉर्कमध्ये १५,८१२ मतं घेऊन गेले आणि जेम्स पोल्क यांनी ते राज्य हेन्री क्ले यांच्याकडून ५,१०६ मतांनी जिंकलं. न्यूयॉर्कची ३६ मतं फिरली असती तर अध्यक्ष क्ले झाले असते. गरजेचा टक्का बत्तीस, माझ्या नेहमीच्या मर्यादेच्या वर, पण बर्नी यांचे बरेचसे मतदार क्ले यांच्याच व्हिग पक्षातून फुटलेले होते. त्यामुळे हे प्रकरण मी ‘बहुधा हो’मध्ये टाकतो. यातला विपर्यास बघा. गुलामगिरी नको म्हणणाऱ्यांनी क्ले पुरेसे कडवे नाहीत म्हणून तिसऱ्याला मत दिलं आणि निवडून आले पोल्क, जे स्वतः गुलाम बाळगणारे होते आणि टेक्सस जोडून घेण्याच्या बाजूचे होते. पुढे मेक्सिकोशी युद्ध झालं आणि गुलामगिरीचा वाद आणखी पेटला.

१८८४ मध्येही न्यूयॉर्कच. डेमोक्रॅट क्लीव्हलँड हजारभर मतांनी पुढे, दारूबंदीवाल्यांचे सेंट जॉन यांना तिथे २५ हजार. हे सेंट जॉन आधी रिपब्लिकन गव्हर्नर होते, त्यामुळे हरलेले रिपब्लिकन उमेदवार ब्लेन यांच्या लोकांनी त्यांच्या नावानं बोटं मोडली. पण त्याच राज्यात ग्रीनबॅक पक्षाचे बटलर यांनी १७ हजार मतं घेतली होती, आणि ती बरीचशी क्लीव्हलँड यांच्या बाजूची. एकानं इकडून खाल्ली, एकानं तिकडून.

१९१२ ची गोष्ट सगळ्यांना माहीत असते: थिओडोर रूझवेल्ट पक्ष सोडून उभे राहिले, रिपब्लिकन मतं फुटली आणि वुड्रो विल्सन ४१.८ टक्क्यांवर ४३५ इलेक्टोरल मतं घेऊन गेले. दक्षिणेतली राज्यं सोडली तर विल्सन यांना कुठेही निम्मी मतं मिळाली नव्हती. याला मतविभागणी म्हणायचं नाही तर कशाला? पण पाडलं कुणी कुणाला? रूझवेल्ट २७.४ टक्क्यांवर दुसरे आले. तिसरे आले विद्यमान अध्यक्ष टाफ्ट, २३.२ टक्के आणि फक्त दोन राज्यं. मतांच्या क्रमानं पाहिलं तर ‘तिसरा उमेदवार’ टाफ्टच होते! प्रायमऱ्यांमध्ये, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, बहुतेक ठिकाणी जिंकलेल्या रूझवेल्टना डावलून पक्षयंत्रणेनं टाफ्टना तिकीट दिलं. आपल्याकडे याला बंडखोरी म्हणतात, आणि बंडखोर खरा की अधिकृत उमेदवार खरा, हा वाद जिल्हा परिषदेपासून विधानसभेपर्यंत दर वेळी होतो.

आणि १८६०? लिंकन यांना जेमतेम ३९.८ टक्के मतं, समोर तीन उमेदवार. सगळे म्हणतात विरोधक फुटले म्हणून लिंकन आले. राज्याराज्यात जाऊन तिन्ही विरोधकांची मतं एकत्र करून पाहा. लिंकन कॅलिफोर्निया, ओरेगन आणि न्यू जर्सीतली मिळून ११ इलेक्टोरल मतं गमावतात, १८० ची १६९ होतात, आणि तेव्हा जिंकायला १५२ पुरे होती. विरोधकांची एकी झाली असती तरी लिंकनच. इतक्या फुटलेल्या निवडणुकीतही पट्टी ‘नाही’ म्हणते.

पक्ष स्वतः मात्र माझ्या पट्टीची वाट बघत नाहीत. २००० मध्ये रिपब्लिकन बाजूच्या एका गटानं नेडर यांचंच गोरविरोधी भाषण जाहिरातीत वापरलं. २०२० मध्ये ग्रीन पार्टीला विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियाच्या मतपत्रिकेवरून हटवायला डेमोक्रॅटांनी कोर्टकचेऱ्या केल्या, आणि दोन्हीकडे ग्रीनचं नाव आलं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी ट्रम्पना पाठिंबा दिला आणि चुरशीच्या राज्यांतून आपलं नाव काढून घ्यायला धडपडले. मिशिगन आणि विस्कॉन्सिननं ते काढू दिलं नाही. म्हणजे आधी मतपत्रिकेवर यायला सह्या गोळा करा, आणि मग उतरायला वकील लावा. मतदारही शिकतात. २००० मध्ये जवळपास २९ लाख मतं घेणारे नेडर २००४ मध्ये पावणेपाच लाखांच्या आत आले. उन्हाळ्यातल्या चाचण्यांत दहा टक्के दिसणारा तिसरा उमेदवार नोव्हेंबरात दोन-तीनवर येतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता जूनचा आकडा पाहून मी त्याचे मनातल्या मनात तीन भाग करतो.

खरा दोष कुणाचा असं विचारलंत तर मी उमेदवाराकडे बोट दाखवणार नाही, नियमाकडे दाखवीन. ज्या मतपत्रिकेवर एकच खूण करता येते आणि सर्वाधिक मतंवाला सगळं घेऊन जातो, तिथे हे होणारच. आणि याचा सगळ्यात सुंदर दाखला अमेरिकेत नाही, आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आहे.

१९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, इंदिरा गांधींच्या पाठिंब्यावर अपक्ष व्ही. व्ही. गिरी, आणि तिसरे होते आपले सी. डी. देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे. त्यांना ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षानं आणि जनसंघानं उभं केलं होतं. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९ (हे मतमूल्य, आमदार-खासदारांच्या मतांचं). विजयासाठी कोटा ४,१८,१६९, तो कुणालाच गाठता आला नाही. मग देशमुख आणि किरकोळ उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली. रेड्डींना त्यातून जवळपास ९२ हजार मिळाली, गिरींना साडेअठरा हजार. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. गिरीच जिंकले, पण पहिल्या फेरीतला ८८ हजारांचा फरक १५ हजारांच्या आत आला. देशमुखांनी रेड्डींना पाडलं असं म्हणायची सोयच राहिली नाही, कारण देशमुखांच्या मतदारांना दुसऱ्यांदा बोलायची संधी मिळाली आणि ते काय बोलले हे आकड्यात उतरलं. मला सर्वेक्षणात ज्याच्यासाठी पैसे मोजून फोन करावे लागतात तो प्रश्न तिथं मतपत्रिकेवरच छापलेला असतो.

अमेरिकेत मेन राज्यानं २०२० पासून आणि अलास्कानं २०२४ पासून अध्यक्षीय निवडणुकीत असं पसंतीक्रमाचं मतदान सुरू केलं आहे. मेनला हे सुचायचं एक कारण २०१० ची गव्हर्नरपदाची निवडणूक: पॉल लपाज ३७.६ टक्क्यांवर जिंकले, अपक्ष एलियट कटलर ३५.९ वर आणि डेमोक्रॅट तिसऱ्या क्रमांकावर. ही पद्धत म्हणजे रामबाण नाही. अलास्कात २०२२ च्या पोटनिवडणुकीत निक बेगिच तिसरे आल्यामुळे बाद झाले, पण मतपत्रिका तपासल्यावर दिसलं की समोरासमोरच्या लढतीत त्यांनी दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना हरवलं असतं. तिथे मतं खाणारी ठरली ती दुसऱ्या क्रमांकावरची सारा पेलिन! फ्रान्समध्ये दोन फेऱ्या असतात, तरी २००२ मध्ये सोळा उमेदवारांच्या गर्दीत डाव्यांची मतं वाटली गेली आणि पंतप्रधान जोस्पँ दोन लाखांहून कमी मतांनी पहिल्याच फेरीत बाद झाले. दुसऱ्या फेरीत उजवे राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्यासमोर उभे होते कट्टर उजवे ल पेन.

भाच्याला पुढच्या वेळी काय सांगायचं? मिशिगनमध्ये राहतोय तोवर त्याच्या मताला वजन आहे, त्यामुळे मत द्यायच्या आठवड्यात राज्याच्या चाचण्यांतला दोघांमधला फरक बघ आणि तिसऱ्याचा आकडा बघ. फरक मोठा असेल तर मनाला येईल ते कर. बारीक असेल तर ‘माझी दुसरी पसंती कोण’ हे स्वतःला विचार आणि मग ठरव. बायको पुढे काय म्हणेल त्यावर माझ्याकडे पट्टी नाही. मी स्वतः न्यू जर्सीत राहतो. हे राज्य १९९२ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटांकडे गेलंय, त्यामुळे मला ही चैन परवडते आणि एका वर्षी मी ती केलीही. कुणाला मत दिलं ते विचारू नका. आमच्याही घरात रविवारी एकत्र जेवायला बसतात.